भुलेआधीची दोन मिनिटे

ऑपरेशन थिएटरचा दरवाजा दोन पल्ल्यांचा असतो. स्ट्रेचर आत जाते, पल्ले मिटतात आणि बाहेर अम्मी, सासूबाई, खाला, नवरा, दीर असे सगळे उभे राहतात. कोणाच्या हातात तसबीह, कोणाच्या हातात औषधांची चिठ्ठी. आत काय चालले आहे ते बाहेर कळत नाही आणि आत गेलेल्या मुलीला आपले कोणी दिसत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरातली लेक धुळ्यातल्या एका रुग्णालयात अशीच आत गेली. पहिले बाळंतपण म्हणून ती यावलच्या सासरहून माहेरी आली होती. नववा महिना लागला आणि रक्तदाब वाढला. चेहऱ्यावर, हातांवर सूज आली. रक्त तपासले तर प्लेटलेट्स फार कमी निघाल्या. मग घाईघाईत कोणीतरी येऊन सांगितले, “सिझेरियन करावे लागेल. कमरेत सुई देता येणार नाही, पूर्ण बेहोश करावे लागेल. इथे सही करा.”

सही आम्ही केली. तिला काही समजावून सांगावे, हे रुग्णालयातल्या कोणाला सुचले नाही आणि खरे सांगायचे तर आम्हालाही सुचले नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारले, “अम्मी, बेहोश केल्यावर मी उठलेच नाही तर बाळाला कोण सांभाळेल?” आमच्यापैकी एकीने लगेच तिला गप्प केले, “असं मनहूस बोलू नकोस.” ती गप्प झाली, पण तिची भीती गेली नाही. ती घेऊनच ती आत गेली.

अल्लाहच्या कृपेने मायलेक दोघी सुखरूप आहेत. चाळीस दिवसांनंतर एकदा ती म्हणाली, “आत एक डॉक्टर मॅडम माझ्या डोक्याशी आल्या. मास्क लावण्याआधी त्यांनी मला नावाने हाक मारली, खांद्यावर हात ठेवला आणि आता काय काय होणार ते एकेक करून सांगितलं. दोनच मिनिटं बोलल्या असतील. तेवढ्यात माझी धडधड कमी झाली. हेच मला आधी कोणी का नाही सांगितलं?”

तिच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे आम्ही उशिरा शोधलेले उत्तर आहे.

पूर्ण भूल केव्हा द्यावी लागते

सिझेरियन आता आपल्या घरांना नवे राहिलेले नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरातली साधारण पंचवीस बाळंतपणे सिझेरियनने झाली. त्यांतल्या बहुतेकींना कमरेत सुई देऊन भूल दिली जाते. त्यात कमरेखालचा भाग बधिर होतो, आई जागी असते आणि बाळाचे पहिले रडणे तिला ऐकू येते. आईसाठी ही पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते, म्हणून डॉक्टरांची पहिली पसंती तिलाच असते.

पण काही वेळा कमरेतली सुई योग्य नसते. प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील, तर सुईच्या जागी आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. खूप रक्तस्राव होत असेल, झटके येत असतील, बाळाचे ठोके एकदम घसरले असतील आणि एकेक मिनिट मोलाचे असेल, मणक्याचा काही आजार असेल, किंवा कमरेतली सुई देऊनही बधिरपणा आला नसेल, तर पूर्ण भूल द्यावी लागते. “बेहोश करायचे म्हणतात म्हणजे हातची गेली,” असा अर्थ आपण काढतो. तो चुकीचा आहे. त्या बाईसाठी त्या घडीला हाच मार्ग अधिक सुरक्षित आहे, असा निर्णय भूलतज्ज्ञाने घेतलेला असतो.

यावल, रावेर, चोपड्याकडची अवघड बाळंतपणे जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवली जातात. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडची धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात. रात्री अपरात्री रुग्णवाहिकेतून, अनोळखी शहरात, अनोळखी माणसांत येऊन पडलेल्या बाईला वाटणारी भीती घरापासून दोन गल्ल्यांवरच्या दवाखान्यात गेलेल्या बाईपेक्षा कितीतरी जास्त असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी वस्तीतून आलेल्या भगिनीला तर डॉक्टरांचे अर्धे बोलणे कळतही नाही.

भीतीने शरीरात काय होते

भीती मनात वाटते, पण ती मनातच राहत नाही. माणूस घाबरला की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन नावाचा स्राव वाढतो. नाडी जोरात चालते, रक्तदाब चढतो, श्वास उथळ होतो, तोंडाला कोरड पडते. संकटातून पळता यावे म्हणून अल्लाहने ही रचना केली आहे. पण टेबलावर पडलेल्या गरोदर बाईला कुठे पळायचे नसते. स्राव फार वाढला तर गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. रक्तदाब आधीच वाढलेला असेल तर त्यात आणखी भर पडते.

पूर्ण भुलेत झोप लागल्यावर श्वासाची नळी घशातून आत घालावी लागते. त्या क्षणी झोपेतही शरीर दचकते आणि रक्तदाब उसळतो. ज्यांचा रक्तदाब गरोदरपणामुळे वाढलेला आहे, त्यांच्या बाबतीत ही उसळी धोक्याची असते. म्हणून भूलतज्ज्ञ ती आवरणारी औषधे तयार ठेवतात. ते त्यांचे काम आहे आणि त्यांना ते येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे वाचून कोणी सुनेला किंवा लेकीला म्हणू नये, “तू घाबरतेस म्हणून बाळाला त्रास होतो.” घाबरणे हा गुन्हा नाही, ईमानाची कमजोरीही नाही. अशा बोलण्याने एका भीतीच्या दोन भीती होतात.

गोळी का देत नाहीत

आता मुख्य मुद्दा. पित्ताशयाचे किंवा हर्नियाचे ऑपरेशन असेल तर रुग्णाचे मन शांत व्हावे म्हणून आदल्या रात्री गोळी देता येते, थिएटरमध्ये नेण्याआधी इंजेक्शन देता येते. सिझेरियनमध्ये बाळ बाहेर येईपर्यंत डॉक्टर अशी औषधे शक्यतो टाळतात. कारण ती वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. बाळ सुस्त जन्माला येऊ शकते, त्याचा श्वास मंद पडू शकतो.

त्याच कारणाने पूर्ण भूलही अगदी शेवटी देतात. आधी पोट स्वच्छ करतात, निर्जंतुक कापड अंथरतात, सर्जन तयार उभे राहतात आणि मगच झोपेचे औषध सलाईनच्या नळीतून सोडतात. झोप लागल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा वेळ जितका कमी, तितके बाळाच्या अंगात कमी औषध जाते.

म्हणजे काय होते पाहा. डोळ्यांवर दिवे, अंगाला थंडी, भोवती मास्क घातलेले चेहरे, भांड्यांचे आवाज, आणि बाई पूर्ण जागी. सर्वांत भीतीच्या वेळी तिला भीतीचे औषध सहसा मिळत नाही. तेव्हा उपयोगी पडतो तो माणसाचा शब्द आणि माणसाचा हात. शब्द वारेतून बाळाकडे जात नाही, बाळाला सुस्त करत नाही, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

कुरआनातील हजरत मरयम (अ.) यांचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. कळा सुरू झाल्या तेव्हा त्या एकट्या होत्या. खजुराच्या बुंध्याशी टेकलेल्या असताना, याआधीच मरण आले असते तर बरे, असे त्यांच्या तोंडून निघाले. त्याबद्दल त्यांना दटावले गेले नाही. आधी दुःख करू नकोस असा दिलासा आला, मग पायाशी असलेल्या झऱ्याकडे लक्ष वेधले गेले, मग खजूर मिळवण्याचा मार्ग सांगितला गेला. आम्हाला या क्रमाकडे आता नव्याने पाहावेसे वाटते. आधी धीर, मग काय आहे आणि काय करायचे याची माहिती. आम्ही मात्र लेकीला दटावले होते.

आत काय होते, क्रमाने

जे माहीत असते त्याची भीती निम्मी होते. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच, सिझेरियन ठरलेले असो वा नसो, घरात बसून हे वाचून दाखवा. प्रत्येक रुग्णालयात थोडाफार फरक असेल, पण क्रम साधारण असा असतो.

हाताच्या शिरेत सुई बसवून सलाईन लावतात. पोटातील आम्ल कमी करणारे औषध देतात. लघवीसाठी नळी घालतात. टेबलावर झोपवल्यावर कमरेच्या उजव्या बाजूखाली उशी देतात किंवा टेबलच डावीकडे थोडे कलते करतात. आपण पडू असे वाटते, पण पडत नाही. पोटाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबू नये म्हणून हे करतात. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, छातीवर तारा, बोटाला चिमटा लावतात. यंत्राचा टिक टिक आवाज तुमच्याच नाडीचा असतो.

मग तोंडावर मास्क येतो. इथे बऱ्याच जणी घाबरतात, गुदमरल्यासारखे वाटते म्हणून तो ढकलतात. त्यात बेहोशीचा वायू नसतो, नुसता प्राणवायू असतो. गरोदर बाईच्या फुप्फुसात प्राणवायूचा साठा कमी राहतो आणि खर्च जास्त होतो. म्हणून साधारण तीन मिनिटे, किंवा घाई असेल तर आठ मोठे श्वास, ही शिदोरी भरून घेतात. मास्क शत्रू नाही हे कळले की बाई स्वतःच खोल श्वास घेते. हळू श्वास आत, हळू बाहेर, प्रत्येक श्वासासोबत मनात “या सलाम” किंवा जो जिक्र जिभेवर असेल तो. त्याने मन ठरते आणि प्राणवायूही नीट भरतो.

झोप लागता लागता गळ्याच्या पुढच्या बाजूला कोणाची तरी बोटे दाबल्यासारखी वाटू शकतात. आधी सांगितलेले नसेल तर कोणी गळा दाबतेय असेच वाटेल. पोटातले काही वर येऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ती बोटे ठेवतात. त्यानंतर काही कळत नाही. बहुतेक वेळा काही मिनिटांतच बाळ बाहेर येते. संपूर्ण वेळ भूलतज्ज्ञ डोक्याशी बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास पाहत असतात. भूल देऊन ते निघून जातात हा समज खोटा आहे.

जाग येते तेव्हा कोणीतरी नाव घेऊन हाक मारत असते, “डोळे उघडा, श्वास घ्या.” घसा खवखवतो, थंडी वाजते, पोट दुखते. दुखत असेल तर सांगायचे, सोसायचे नाही. औषध मिळते.

घरच्यांनी काय करावे

पहिली गोष्ट उपाशीपणाची. ऑपरेशन ठरलेले असेल तर साधारण सहा तास आधी खाणे बंद आणि दोन तास आधी साधे पाणीही बंद, असा नियम असतो. डॉक्टर नेमकी वेळ सांगतील, तीच पाळा. आपल्याकडे प्रेमापोटी काय होते? नानी पदराआडून दोन खजूर देते, कोणी दम केलेले पाणी देते, कोणी जमजम. भुलेत पोटातले फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. जमजम जाग आल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने द्या, त्याची बरकत कमी होत नाही. आणि काही खाल्ले-प्यायले असेलच, तर लपवू नका. भूलतज्ज्ञाला खरे सांगा, म्हणजे ते तशी तयारी ठेवतील.

दुसरी गोष्ट पडद्याची. “मी बेहोश असताना मला कोण पाहील?” हा प्रश्न आपल्या भगिनी तोंडाने विचारत नाहीत, पण तो त्यांच्या काळजात असतो. तो आधीच डॉक्टरांसमोर काढा. स्त्री डॉक्टर उपलब्ध आहे का, टोपीखाली डोके पूर्ण झाकता येईल का, गरजेपुरतेच अंग उघडे ठेवाल का, हे नम्रपणे विचारता येते. ऑपरेशनच्या वेळी जेवढ्या जागेवर काम तेवढीच जागा सोडून सर्व अंग कापडाने झाकलेले असते, हेही तिला सांगा. आणि स्त्री डॉक्टर नसेल तर जिवाच्या गरजेपुढे शरीअतने सवलत दिली आहे, हे आपले उलमा सांगत आले आहेत. तिला अपराधी वाटू देऊ नका.

या बाबतीत आपल्या शेजारचा एक इतिहास सांगण्यासारखा आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता, क्लोरोफॉर्मची भूल सुरक्षित कशी द्यावी याचा अभ्यास करण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग नेमले गेले. त्याच हैदराबादेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी भगिनी जगातल्या सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. आपल्या मुलींनी डॉक्टर व्हावे असे आपण म्हणतो, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर भूलतज्ज्ञ हा शब्दही त्यांच्या कानावर पडू द्या.

तिसरी गोष्ट सहीची. शुद्धीत असलेल्या सज्ञान बाईची संमती तिची स्वतःची असते. एक रुग्ण पूर्ण भुलेत असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी न ठरलेली शस्त्रक्रिया केली, तेव्हा अशी संमती चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. जीव वाचवण्याची तातडी हा अपवाद. तेव्हा नवऱ्याने किंवा वडिलांनी सही करण्याआधी कागद तिच्यासमोर धरावा, तिला विचारू द्यावे. स्वतः समजून सही करणारी बाई कमी घाबरते, कारण तिच्यावर काही लादले जात नसते.

चौथी गोष्ट गर्दीची. पलंगाभोवती दहा माणसे, अमक्याच्या सुनेचे काय झाले त्याच्या कहाण्या, मुलगा की मुलगी याची चर्चा, खर्चाचा हिशेब, हे सारे तिच्या कानावर जात असते. तिला ज्या बाईजवळ मन मोकळे करता येते अशी एकच जवळ ठेवा. बाकीच्यांनी बाहेर बसून दुआ करावी. सरकारी रुग्णालयात खर्चाची भीती तर घालूच नका. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. हे आधीच आशाताईंकडून समजून घ्या.

पाचवी गोष्ट, भूलतज्ज्ञाची भेट मागा. “डॉक्टरसाहेब, तिला भुलेची भीती वाटते, दोन मिनिटे बोलाल का?” एवढे वाक्य पुरे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूती कक्ष आणि सिझेरियनचे थिएटर या दोन्ही ठिकाणी सन्मानाने वागणूक देण्यावर भर आहे, म्हणजे ही मागणी अवाजवी नाही. आधीची फाईल, माता-बाल संरक्षण कार्ड, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, दमा, हलणारा दात, पूर्वी भुलेत झालेला त्रास, हे त्याच वेळी सांगा. नेलपॉलिश आधीच काढा. नखांवर गडद मेंदी असेल तर तेही सांगा, कारण बोटाच्या चिमट्याला प्राणवायू मोजताना तिचा अडथळा होऊ शकतो.

थिएटरच्या दारापलीकडे पूर्ण भुलेच्या वेळी सहसा कोणाला जाऊ देत नाहीत. तेव्हा दारातच सिस्टरला एक विनंती करा, “झोप लागेपर्यंत तिचा हात धराल का?” आम्ही ती केली नव्हती.

जाग आल्यावर

पूर्ण भुलेतल्या आईने बाळाचे पहिले रडणे ऐकलेले नसते. अजान कोणी दिली, बाळ कोणी पहिल्यांदा हातात घेतले, हे सगळे तिच्या झोपेत होऊन गेलेले असते. आमची लेक आजही म्हणते, “मी माझ्या मुलीच्या जन्माला हजर नव्हते.” हे दुःख लहान समजू नका. ती डोळे उघडताच पहिले वाक्य बाळाविषयी असू द्या: बाळ कसे आहे, कुठे आहे. डॉक्टरांनी परवानगी देताच बाळ तिच्या छातीवर ठेवा. आई नीट जागी झाली, बाळ धरता येऊ लागले की दूध पाजायला भुलेची अडचण नसते. भुलेचे औषध अंगात आहे म्हणून पहिले पिवळे दूध काढून टाकायचे, हा गैरसमज आहे. पहिल्या तासांतले प्रसंग तिला पुन्हा पुन्हा सांगा. पुढचे काही आठवडे झोप उडणे, सारखे रडू येणे, थिएटर आठवून दचकणे असे होत राहिले तर “नजर लागली” म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

अलीकडे आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका सुनेचे सिझेरियन ठरले. आमची लेक स्वतःहून तिच्याकडे गेली. मुलीला मांडीवर घेऊन तिने मास्कचे, कलत्या टेबलाचे, गळ्यावरच्या बोटांचे सगळे सांगितले. आम्ही दारात उभ्या राहून ऐकत होतो. त्या सुनेने अगदी तोच प्रश्न विचारला, “आणि मी उठलेच नाही तर?”

लेकीने तिला गप्प केले नाही. म्हणाली, “मलाही असंच वाटलं होतं. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत डोक्याशी बसून असतात. तू श्वास मोठे घे, बाकी अल्लाहवर सोड. जाग आली की मी तिथे असेन.”